माझा कॅमेऱ्याचा छंद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. आजवर ह्या मंडळात मी सतरंज्या घातल्या, तिळगूळ वाटला, पाककृतीच्या स्पर्धेत दोनदा उत्तेजनार्थ बक्षीस घेतले. पण ध्वनिक्षेपकासमोर उभे राहण्याची वेळ कधी आली नव्हती. चिटणीसबाई म्हणाल्या, "दर कार्यक्रमाला तुम्ही तो डबीएवढा कॅमेरा घेऊन कोपऱ्यात उभ्या असता. त्याच्याविषयीच बोला की!" मी म्हटले, "माझे शिक्षण सातवी. त्यातले शास्त्र मी काय सांगणार?" तर म्हणाल्या, "शास्त्र राहू द्या, चुका तर सांगता येतील?" चुका मात्र पुष्कळ आहेत. म्हणून कबूल झाले. वहीत लिहून आणले आहे. मध्येच अडखळले तर हसू नका.

तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारणार ते मला ठाऊक आहे, कारण आमच्या घरात तो प्रत्येकाने विचारला आहे. हातात मोबाइल असताना वेगळा कॅमेरा हवा कशाला? तर मोबाइल वाईट नाही. समोर बसलेले माणूस, वाढलेले ताट, दारातली रांगोळी ह्यांचे फोटो तो माझ्या कॅमेऱ्यापेक्षाही चांगले काढतो, हे मी आधीच सांगून टाकते. अडते ते लांबच्या वस्तूपाशी. धाकटीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी मागच्या रांगेत बसले होते. ती मंगळागौरीच्या नाचात पहिली उभी. मी मोबाइलवर दोन बोटांनी चित्र ओढून मोठे केले आणि फोटो काढला. घरी येऊन पाहते, तर पोरीचे तोंड पाण्यात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखे! नाक कुठे, डोळे कुठे, पत्ता नाही.

त्याचे कारण मला नंतर कळले. आपण बोटांनी ओढतो तेव्हा बहुतेक मोबाइल लांबचे जवळ आणत नाहीत, असलेलेच चित्र ताणतात. गोळा तेवढाच ठेवून पोळी परातीएवढी लाटली तर ती फाटणारच. खऱ्या झूममध्ये कॅमेऱ्याच्या आतली भिंगे पुढेमागे सरकतात आणि लांबची वस्तू मुळातच मोठी होऊन आत येते. म्हणजे कणीकच जास्त घेतली. आता महागड्या मोबाइलमध्ये लांबचे पाहणारे वेगळे भिंग असते, तीन पट, पाच पट असे. पण त्या किमतीत आमच्याकडे मुलाची वर्षाची फी निघते.

तेव्हा २०२१ साली माझी भिशी लागली आणि मी कॅमेरा घ्यायचे ठरवले. इथे माझी पहिली चूक. घरी कोणाला न विचारता, मोबाइलवरची एक जाहिरात बघून मी कॅमेरा मागवला. जाहिरातीत मेगापिक्सेलचा मोठा आकडा होता, सोळा पट झूम होते, वर पिशवी फुकट होती. किंमत सहा हजार. आला तो दिसायला गोड. पण झूमचे बटण दाबले तर भिंग जागचे हलेना. पडद्यावरचे चित्र तेवढे फुगले. म्हणजे मोबाइलचेच नाटक, तेही जास्त वाईट. परत घ्यायला कोणी तयार होईना. आमचे हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. तो कॅमेरा अजून कपाटात आहे; पाहुण्यांची लहान मुले त्याच्याशी खेळतात.

त्या सहा हजारांत मी जे शिकले ते तुम्हांला आज फुकट सांगते. कॅमेऱ्याच्या तोंडाभोवती, भिंगाच्या कडेला, बारीक आकडे छापलेले असतात. माझ्या आताच्या कॅमेऱ्यावर ४.३ ते १७२ असे आहेत. मोठ्याला लहानाने भागा. १७२ भागिले ४.३, म्हणजे ४०. हे खरे चाळीस पट. सातवीपर्यंतचे गणित एवढ्याला पुरते! तिथे दोन आकडे नसतील, एकच असेल, तर भिंग हलत नाही असे समजा. मग खोक्यावर काही का लिहिलेले असेना. मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. माझ्यात वीस आहेत आणि भिंतीवर लावायच्या मोठ्या फोटोलाही ते पुरले.

मात्र चाळीस पट म्हणजे डोळ्यांना दिसते त्याच्या चाळीस पट मोठे, असेही नव्हे. कॅमेरा सर्वांत रुंद बघतो त्याच्या चाळीस पट, एवढाच त्याचा अर्थ. निकॉनचा पी १००० म्हणून एक आहे, २०१८ साली निघाला, तो १२५ पट. पण वजन जवळजवळ दीड किलो! तो गळ्यात अडकवून मी भाजी कशी आणणार? मला पर्समध्ये मावणारा हवा होता. शेवटी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या मुलाकडून वापरलेला घेतला, तेरा हजारांना. कॅननचा एसएक्स ७४०, हाही २०१८ सालचाच. वजन तीनशे ग्रॅम, म्हणजे पाव किलो साखर आणि वर मूठभर. ह्या वेळी ह्यांना बरोबर नेले.

मोबाइल चांगले झाल्यापासून कंपन्यांनी असले छोटे कॅमेरे काढणे पुष्कळ कमी केले आहे. म्हणून वापरलेला घ्यायची वेळ तुमच्यावरही येईल. घेताना घाई करू नका. झूम दहा वेळा पुढेमागे करून कान देऊन ऐका. घरघर सारखी हवी, मध्ये कटकट नको. मग पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून पडद्यावर मोठा करून बघा. त्यात करडे डाग दिसले तर आत धूळ गेली आहे. बॅटरी दुसरी घ्याच. माझी एका भरण्यात अडीचशेच्या आसपास फोटो देते आणि नेमकी आरतीच्या वेळी संपते.

आता ह्या कॅमेऱ्याचे दोष सांगते, नाहीतर तुम्हांला वाटेल ही विकायला बसली आहे. आत जो चित्र टिपणारा पत्रा असतो, त्याला सेन्सर म्हणतात, तो करंगळीच्या नखाहूनही लहान आहे. तो एवढासा आहे म्हणूनच एवढे लांबचे बघणारे भिंग खिशात मावते. पण त्याची भरपाई उजेडात करावी लागते. संध्याकाळी स्वयंपाकघरात फोटो काढाल तर चित्रावर रवा सांडल्यासारखे दिसेल. त्यात भिंग पूर्ण लांब केले की आत येणारा उजेड पहिल्याच्या चौथाईच्याही खाली जातो. म्हणून रात्रीच्या लग्नाच्या वरातीला मी हा नेत नाही. दुसरा दोष, डोळा लावून बघायची खिडकी ह्याला नाही. मागच्या पडद्यावरच बघायचे. दुपारच्या उन्हात पडद्यावर स्वतःचे तोंड दिसते, दुसरे काही नाही. अशी खिडकी असलेले छोटे कॅमेरे मिळतात, पण माझ्या पैशांत बसले नाहीत. मी काय करते, पदर डोक्यावरून कॅमेऱ्यावर ओढते. पूर्वी स्टुडिओतले फोटोग्राफर काळ्या कापडात डोके घालीत ना, तसे. रस्त्यावरची पोरे हसतात. हसू देत.

हात हलणे हे मात्र कॅमेऱ्याचे नव्हे, आपलेच. भिंग जितके लांब तितका हाताचा कंप मोठा होऊन दिसतो. कॅमेऱ्यात तो सावरायची सोय असते, पण ती काही जादू नव्हे. दोन्ही कोपरे बरगड्यांना चिकटवायचे, खांबाला पाठ टेकायची, श्वास सोडून अर्धवट थांबायचे आणि बटण सुई ओवताना असतो तसल्या हलक्या बोटाने दाबायचे. मी जुन्या ब्लाउजच्या कापडाची वीतभर पिशवी शिवली आहे, आत तांदूळ भरले आहेत. कठड्यावर ती ठेवायची, तिच्यात कॅमेरा रुतवायचा आणि दोन सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असे लावून हात काढून घ्यायचा. ह्या पिशवीवर मी संकष्टीचा चंद्र काढला. आधी नुसता पांढरा गोळा येत होता. कॅमेरा सगळा काळोख बघून उजेड वाढवतो. त्याला बिचाऱ्याला काय माहीत की चंद्रावर ऊन पडले आहे! उजेड उणे करत गेले, तर जिकडून चंद्र कापल्यासारखा दिसतो त्या कडेला खड्डे दिसू लागले, खरेखुरे, कडा असलेले. सासूबाईंनी अर्घ्य द्यायच्या आधी पडद्यावरच हात जोडले.

बटणांची नावे इंग्रजी. मुलीने वहीत प्रत्येकाचे चित्र काढून समोर मराठीत लिहून दिले. गोल चकतीवर 'टीव्ही' असे एक अक्षर आहे. मला वाटले, फोटो दूरदर्शनवर बघायची सोय असावी. वर्षभर त्याला हातच लावला नाही! ते वेळेचे आहे. किती वेळ पापणी उघडी ठेवायची ते त्यावर आपण ठरवतो. उडणाऱ्या पक्ष्याला सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून कमी. आणखी एक बटण मला फार उपयोगी पडते. खूप लांबचे बघताना पक्षी जरा हलला की चौकटीतून जातो आणि मग नुसते आभाळ. ते बटण दाबून धरले की भिंग क्षणभर मागे येते, पक्षी कुठे आहे ते सापडते, आणि सोडले की पुन्हा होते तिथे जाते.

हे सगळे हाताला बसले आणि मला गर्व झाला. त्या दिवसांतली एक गोष्ट सांगायची आहे. जिच्याविषयी आहे तिची परवानगी घेतली आहे. नाव सांगणार नाही, तुम्हीही तर्क करू नका.

२०२२ च्या उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरडया राखत बसले होते. कॅमेरा मांडीवर. तीन घरे पलीकडच्या गच्चीवर एक सून केस मोकळे सोडून, गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बसली होती. उन्हे कलती होती, केसांच्या कडेला सोनेरी रेघ उमटली होती. मी झूम केले. तिच्या गालावरची लवसुद्धा दिसली. फोटो असा काही आला की मला राहवेना; आपल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर मी तो टाकला आणि खाली लिहिले, 'आमच्या आळीतील सुंदरी'. अर्ध्या तासात कौतुकाचा पाऊस.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली. भांडली नाही. म्हणाली, "काकू, घरात बसून रडता येत नाही, म्हणून मी तिथे जाते. काल मी रडत होते. तुम्हांला दिसले नाही का?" मी फोटो पुन्हा काढून बघितला. डोळ्यांत पाणी होते. चाळीस पट जवळ आणून मला लव दिसली, सोनेरी रेघ दिसली, आणि ते पाणी दिसले नव्हते. मी फोटो पुसला, गटावरूनही काढला. पण तोवर तो कुठे कुठे गेला होता. तिच्या सासूबाईंच्या मोबाइलवरही पोचला होता आणि "केस सोडून गच्चीवर कशाला बसतेस" म्हणून तिला बोलणी बसली होती. त्यानंतर कितीतरी महिने ती गच्चीवर दिसली नाही. तिची ती एक जागा मी घालवली, भगिनींनो. क्षमा मागितली, तिने केलीही. पण पुढचे काही महिने मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. वाटे, विकून टाकावा. लांबून बघायचे यंत्रच वाईट.

तो पुन्हा हातात आला तो आईमुळे. माझे माहेर माळशिरस तालुक्यातले. दिवाळीला गेले होते. माझ्या आईचा चांगला फोटो आमच्या कोणाकडेच नव्हता. कॅमेरा समोर धरला की ती पदर कपाळापर्यंत ओढायची, ओठ मिटून घ्यायची आणि रेशनकार्डावरच्यासारखी ताठ बसायची. "हस की गं" म्हटले तर अजून ताठ. त्या दिवशी ती अंगणापलीकडे गोठ्याच्या सावलीत पावट्याच्या शेंगा सोलत होती आणि वासराला रागे भरत होती, कारण ते सूप चाटायला बघत होते. मी ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. अंतर पंचवीस-तीस पावले. कॅमेरा काढला. मग गच्चीवरची ती सून आठवली आणि हात थांबला. पण आईच होती ना ती, आणि उठून गेले तर ते सगळे मोडणार. मी सात-आठ फोटो काढले आणि लगेच उठून तिच्याकडे जाऊन दाखवले. म्हटले, "आई, हे आत्ता काढले. नको असतील तर पुसते."

तिने हात पदराला पुसले, पडदा उन्हातून सावलीत धरला आणि पुष्कळ वेळ बघितले. एकात ती तोंड उघडून हसत होती, दात पडलेले दिसत होते, पदर खांद्यावर घसरलेला. मला वाटले, हाच पुसायला सांगणार. ती म्हणाली, "अगं, ही तर माझी आई दिसते." माझी आजी मी पाहिलेली नाही. तिचा फोटोही नाही. आई म्हणाली, "हाच ठेव. बाकीचे राहू देत नाहीतर जाऊ देत."

पुढच्या वर्षी, २०२३ च्या श्रावणात, आई गेली. तेराव्याला भावाने विचारले, फोटो कुठला लावायचा? वडीलधाऱ्यांना तो दात दिसणारा पसंत नव्हता; डोक्यावर पदर असलेला लावा म्हणाले. मी म्हटले, तो तिने स्वतः निवडला आहे. तोच लागला.

तेव्हापासून माझी एक रीत झाली आहे. माणसाचा फोटो लांबून काढला तर तो आधी त्या माणसाला दाखवायचा, गटावर नाही. दाखवायला जाता येणार नसेल तर काढायचा नाही. त्यामुळे पुष्कळ चांगले फोटो राहून जातात. बाजारात रोज राहतात.

पाखरांना मात्र विचारायचे नसते, म्हणून आता माझा ओढा तिकडे जास्त. आपल्या मंडळाची भिगवणची सहल तुम्हांला आठवत असेल. आपल्या बारामतीहून जवळच. भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी मागे तिथवर पसरले आहे, धरण १९८० सालचे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात. कुंभारगावचे मच्छीमार नावेतून नेतात. आपल्या नावेतल्या काहीजणींना मी नाव लांबच थांबवायला सांगितले ह्याचा राग आला होता, हे मला ठाऊक आहे. पण ते पक्षी उथळ पाण्यात मान उलटी बुडवून चिखलातून बारीक बारीक खाणे गाळून खातात. नाव अंगावर नेली की खाणे टाकून पाण्यावरून धावत सुटतात आणि उडतात. त्यांच्या गुलाबी पंखांचा फोटो मिळतो खरा, पण ते उपाशी राहतात. दुसऱ्या नावेने तसे केले, आणि नावाड्याचे तोंड उतरले तेही मी पाहिले. गिऱ्हाइकापुढे तो काय बोलणार? आपण लांबून बघितले तेव्हा दोन रोहित खाता खाता माना गुंफल्यासारखे उभे राहिले होते, ते बाहेर फळ्यावर लावले आहेत बघा. ते सकाळी साडेसातचे. अकरानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरू लागली आणि त्यापुढचे सगळे फोटो चुलीवरच्या वाफेतून पाहिल्यासारखे आले. त्याला कोणताही कॅमेरा काही करू शकत नाही. लवकर उठणे एवढेच हातात. पांढऱ्या पक्ष्याला थोडा उजेड उणे करा, नाहीतर पिसे सगळी एक होऊन चुन्याचा ठिपका दिसतो.

कॅमेरा सांभाळण्याविषयी थोडे सांगून संपवते, कारण चहा तयार असल्याची खूण मागून होते आहे. पुढेमागे सरकणारे भिंग पंपासारखे असते. बाहेरची धूळ आत ओढते. एका चैत्रगौरीला हळदीकुंकवाची पुडी माझ्या पर्समध्ये फुटली आणि कुंकू भिंगाच्या नळीत गेले. झूम अर्ध्यावर अडकले. दुरुस्तीला अडीच हजार लागले आणि त्या कारागिराने विचारले, "बाई, कॅमेऱ्याची पूजा केली का?" तेव्हापासून त्याला चेन असलेली स्वतंत्र पिशवी आहे. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते; नव्या चपलांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या ज्या पुड्या येतात त्या टाकू नका, झाकणाच्या डब्यात त्यांच्यासह कॅमेरा ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवा म्हणून कोणी सांगेल, ते ऐकू नका. तांदळाची भुकटी आत जाते.

कॅमेरा इथे टेबलावर ठेवते आहे. ज्यांना बघायचा असेल त्यांनी खुशाल हातात घ्या, दोरी आधी मनगटात अडकवा. झूम करून बघा, व्यासपीठावरून दारातल्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसतो. मात्र आता हळदीकुंकू आहे. बोटे पुसून मगच हात लावा.